बाईंनी हात लावलेली वाटी

डॉ. पद्मिनी खोचरे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या दारात. हातात झाकणाचा स्टीलचा डबा, खांद्याला कापडी पिशवी, पदर कमरेला खोचलेला. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला नुकतीच नळदुर्गला रुजू झाले होते. त्यांनी नमस्कार केला आणि विचारले, "मॅडम, तुमचा मायक्रोस्कोप तासभर मिळेल का? दवाखान्यातला बिघडलाय."

"मिळेल की. डब्यात काय आहे?"

"शी. बाळाची. ताजी आहे."

कोपऱ्यातल्या टेबलावर आमचे विभागप्रमुख डबा खात होते. त्यांनी घास खाली ठेवला. "डॉक्टरबाई, हे कॉलेज आहे."

"म्हणून तर आले, सर. शिकायला."

सर डबा उचलून बाहेर गेले. आम्ही दोघींनी काच तयार केली, रंग दिला, धुतली, भिंगाखाली ठेवली. जांभळ्या काड्या दिसल्या, कित्येकींची टोके दुभंगलेली. बाई भिंगावरचा डोळा न काढता म्हणाल्या, "बेचक्या बघा, बेचक्या! गलोल करायला तोडून ठेवल्यासारख्या." ते बाळ फक्त आईच्या दुधावर होते. मग त्यांनी पिशवीतून दुसऱ्या एका बाळाचा नमुना काढून त्याची काच लावायला सांगितली. हे बाळ पावडरच्या दुधावर होते आणि त्याला अँटिबायोटिकही दिलेले होते. त्या काचेवर नाना आकारांची गर्दी होती, बेचकी मात्र शोधूनही सापडली नाही. "वावर मोकळं टाकलं की तण माजतंच," बाई म्हणाल्या आणि डबा धुवायला नळ कुठे आहे ते विचारू लागल्या.

बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथाच्या संपादकांनी लेख 'प्रसन्न' असावा असे कळवले आहे. तसा एक लेख मी लिहिलाही होता. दुसऱ्या दिवशी वाचून पाहिला तेव्हा त्यात बाई कुठेच नव्हत्या, फक्त विशेषणे होती. म्हणून हा दुसरा लेख. तो प्रसन्न नाही, पण त्यातले सगळे मी पाहिलेले आणि ऐकलेले आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. ग्रंथाच्या प्रकाशनाच्या निमंत्रणपत्रिकेत बाईंना 'थोर संशोधक' म्हटले आहे. बाईंच्या नावावर एकही शोधनिबंध नाही, आणि हे त्या स्वतःच सगळ्यांत आधी सांगतील. बाळाच्या पोटातल्या जिवाणूंविषयीचे शोध जगभरच्या प्रयोगशाळांत लागत होते. बाई ते मिळवून वाचत आणि बेंबळी, सास्तूर, नळदुर्ग या भागातल्या बाळांच्या लंगोटांशी ताडून पाहत. हे काम लहान आहे असे मला वाटत नाही. त्याला जे नाव आहे ते द्यावे, एवढेच.

या वेडाची सुरुवात त्र्याण्णवच्या भूकंपानंतर झाली. बाई तेव्हा सास्तूरकडच्या पत्र्याच्या शेडांमध्ये मुले तपासत होत्या. मदतीच्या गाड्यांमधून दूध पावडरचे डबे येत. देणाऱ्यांची भावना चांगली होती, हे बाई आजही आवर्जून सांगतात. पण पोट बिघडलेली जी बाळे त्यांच्यासमोर येत त्यांत डब्यावरची बाळे जास्त असत आणि उपाशी, घर गमावलेल्या आयांच्या अंगावर पिणारी बाळे तगून राहत. याचे कारण निव्वळ अस्वच्छ पाणी नसेल, असे त्यांना तेव्हाच वाटले. दूध पाजणाऱ्या आयांना तरी स्वच्छ काय मिळत होते?

उत्तर पुढे कित्येक वर्षांनी त्यांच्या वाचनात आले. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. निसर्गाने आईच्या अंगातून काढून त्या बाळाला द्याव्यात आणि बाळाने तशाच पुढे ढकलाव्यात, हा काय उधळेपणा? तर त्या साखरा बाळासाठी नसतातच. त्या बेचक्यांसाठी असतात. हे जिवाणू त्या साखरेवर जगतात आणि तिच्यापासून आम्ले तयार करतात. त्या आम्लांनी आतडे आंबट राहते, उपद्रवी जंतूंना तिथे जम बसवता येत नाही. शिवाय त्या जिवाणूंनी तयार केलेले काही पदार्थ बाळाच्या शरीरातल्या संरक्षक पेशींना ओळख शिकवतात. कुणावर धावून जायचे आणि कुणाला सोडायचे, याची ही ओळख आयुष्याच्या अगदी सुरुवातीला व्हावी लागते. बाई बायकांना हे फार सोपे करून सांगत: "तुझ्या दुधात दोन ताटं असतात. एक लेकराचं, एक त्याच्या राखणदारांचं. वरचं काही पाजलंस तर राखणदार उपाशी मरतात."

म्हणून बाई लंगोट हुंगत. आंबूस वास आला की त्यांचा चेहरा उजळे. यावरून त्यांना जी नावे पडली त्यांतली बरीचशी इथे छापता येणार नाहीत. 'हुंगणारी डॉक्टरीण' हे त्यांतले सभ्य.

त्यांच्या दवाखान्यात तपासणीच्या टेबलासमोर खुर्ची एकच होती. तिच्यावर बाळंतिणीने बसायचे, असा नियम. बरोबर आलेली सासू, आई, नवरा, कुणीही असो, सगळे उभे. एकदा एक सासूबाई रागावून म्हणाल्या, "आमचे गुडघे दुखत्यात, बाई. ही तरणीताठी बसली आन् म्या उभी?"

"तुम्ही बाळंत झालात की तुम्हाला पण देईन खुर्ची," बाई म्हणाल्या. सून पदरात तोंड लपवून हसली. बाळंतिणीला पाणी बाधते म्हणून घरात जिला पोटभर पाणीही कुणी पिऊ देत नव्हते, ती त्या खुर्चीत बसून तांब्याभर पाणी प्यायची. बाई ते पिऊन होईपर्यंत तपासणी सुरू करत नसत.

इथवर लिहिले ते गौरवलेखाला शोभणारे आहे. आता जे लिहायचे ते असे की, बाईंचे कुणी ऐकले नाही.

हे वाक्य मी लिहून पुन्हा पुन्हा तपासले आहे. ज्यांनी ऐकले अशी काही घरे मला माहीत आहेत, त्यांच्यावर हा अन्याय होईल. पण ती घरे अपवाद आहेत. बाईंनी एकदा एका आजींना आमच्या प्रयोगशाळेत आणून भिंगातून बेचक्या दाखवल्या. आजींनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिले. मग घाबरून विचारले, "ह्ये समदं माझ्या नातवाच्या पोटात हाय?"

"आहे ना. तेच त्याला सांभाळतात."

"आगं बाई! मग बघत काय बसलाव? जंताचं औषध द्या की लवकर!"

आम्ही हसलो. आजी मात्र तिथून निघाल्या त्या थेट औषधाच्या दुकानात गेल्या, हे आम्हाला मागाहून कळले.

बेंबळीचे एक शेतकरी, दत्तूभाऊ, जुलाब लागलेले बाळ घेऊन आले होते. बाईंनी मीठ-साखरेचे पाणी, जस्ताची गोळी आणि अंगावरचे दूध, एवढेच सांगितले. दत्तूभाऊ उठेनात. बाईंनी विचारले, "सोयाबीन पेरताना बियाण्याला जिवाणू लावता की नाही?"

"लावतो की. त्याबिगर मुळाला गाठी कुठं धरत्यात?"

"आणि लावून झाल्यावर त्याच बियाण्यावर जंतुनाशक ओतता का?"

"मी काय येडा हाय व्हय?"

"मग लेकराच्या पोटातले जिवाणू मारायचं औषध माझ्याकडं का मागता?"

दत्तूभाऊंना ते पटले. मनापासून पटले, असे त्यांच्या चेहऱ्यावरून मला तरी वाटले. ते म्हणाले, "बाई, तुमी म्हंताव ते लाख खरं. पर आलोच हाव तर एक सुई मारा." बाईंनी मारली नाही. पुढच्या चौकात ती मारून मिळत होती. हळूहळू बाईंच्या बाकावरची गर्दी त्या चौकात सरकली. विलक्षण गोष्ट अशी की बाईंविषयीचा आदर त्याच काळात वाढत गेला. गर्दी कमी होत गेली तसे सत्कार वाढले. माणसाचे ऐकायचे नसेल तर त्याला नारळ आणि शाल द्यावी, ही आपली जुनी तोड आहे.

त्यातला सर्वांत मोठा सत्कार गेल्या वर्षी, बाईंनी पंच्याहत्तराव्या वर्षात प्रवेश केला तेव्हा झाला. त्याविषयी लिहायचे तर आधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. बाळ जन्मले की घरातल्या, नात्यातल्या एखाद्या कर्त्या माणसाने मधात बोट बुडवून त्याच्या जिभेला लावायचे. ज्याचे बोट त्याचा गुण बाळाला लागतो, अशी समजूत. बाई सारी हयात जिच्याशी भांडल्या ती हीच रीत. मध निर्जंतुक नसतो, बोट तर नसतेच, आणि त्या कोवळ्या आतड्यात पहिला प्रवेश कुणाचा होतो यावर पुढचे बरेच अवलंबून असते. बाईंच्या दवाखान्यात 'बोट' या शब्दावर बंदी होती म्हणा ना.

सत्कार एका मंगल कार्यालयात होता. भाषणे झाली. मग निवेदकाने जाहीर केले की आता एक आगळा सत्कार होणार आहे. आयोजकांपैकी एका वजनदार गृहस्थांची सून तान्ही मुलगी घेऊन व्यासपीठावर आली. तिचे नाव इथे रोहिणी म्हणू, गृहस्थांना दादा म्हणू. खरी नावे लिहिणार नाही. दादांच्या हातात मधाने भरलेली चांदीची वाटी होती. निवेदक म्हणाला, "या चिमुकलीला बाईंच्या हातून मधाचं बोट! बाईंचा गुण लागावा, आपल्या भागाला आणखी एक डॉक्टर मिळावी!" टाळ्या झाल्या.

बाई उठल्या. त्यांनी रोहिणीला विचारले, "दूध येतंय?"

"येतंय."

"पितीय?"

"लई पितीय."

"मग आणखी काय पाहिजे?"

दादा वाकून हळू बोलले, पण माइक चालू होता. "बाई, रीत हाय. एवढ्या मान्सात न्हाय म्हनू नका. नुसतं टेकवा बोट."

बाईंनी वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि टेबलावर, पुष्पगुच्छांच्या पलीकडे ठेवून दिली. मग बाळाला घेतले, लंगोटाची गाठ सैल केली आणि भर सभेत हुंगले. अर्धे सभागृह हसले, अर्ध्याने पदर नाकाला लावला. बाई माइकवर म्हणाल्या, "आंबूस वास येतोय. उत्तम. या पोरीच्या पोटात जे बसायला हवेत ते बसलेत, आणि ते हिच्या आईनं बसवलेत. माझ्या बोटाला काय लागलंय ते मलाच ठाऊक नाही, सकाळपासून हार घेतेय मी." प्रचंड टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेत बसलेल्या मला वाटले, बाई जिंकल्या.

पंगती सुरू झाल्यावर मी हात धुवायला मागे गेले. वधूसाठी असते त्या खोलीत लेकुरवाळ्या बायका जमल्या होत्या. मध्ये दादांच्या बहीण, ज्यांना सगळे आत्या म्हणत, चांदीची वाटी घेऊन बसल्या होत्या. रोहिणीच्या मुलीच्या ओठांवर मध चकाकत होता. रोहिणी खाली मान घालून उभी होती. आणखी दोघीतिघी आपापली बाळे पुढे करत होत्या.

मी म्हटले, "आत्या, आत्ताच बाई काय बोलल्या?"

"बोलल्या की. पर वाटी सोता हातात घेतली, समद्यांनी बघितलं. बोट न्हाय लावलं, पर हात तर लागला. तेवढा गुण उतरला."

"अहो, त्या नको म्हणाल्या!"

आत्या माझी कीव आल्यासारख्या हसल्या. "मॅडम, त्या न्हाईच म्हन्नार. मोठी मानसं आपल्या तोंडानं म्हंत्यात व्हय, घ्या माझा गुन म्हनून?"

 

बाई आपली शाल राहिली म्हणून आत आल्या होत्या. त्या दारात किती वेळ उभ्या होत्या, मला कळले नाही. त्या रागावल्या नाहीत. आत्यांच्या हातातून त्यांनी वाटी घेतली आणि बोटाने मध निपटून खायला सुरुवात केली. बाईंना मधुमेह आहे, रोज इन्शुलिन घ्यावे लागते. मी पुढे झाले तर त्यांनी दुसऱ्या हाताने मला थांबवले. वाटी रिकामी झाली. बायकांनी हात जोडले. एक जण म्हणाली, "बाई, आता वाटी द्या. इसळून तेवढं पानी तरी पाजते."

बाईंनी चांदीची वाटी आपल्या कापडी पिशवीत टाकली आणि त्या बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती उकळून, पुसून परत पाठवली. दरम्यान एका रात्रीत, बाईंनी वाटी नेली, अशी चर्चा करायला लोकांना वेळ मिळाला होता. सत्काराच्या दिवशी रिक्षात बसल्यावर साखर चढून त्यांना गरगरत होते. त्या एवढेच म्हणाल्या, "इतकी वर्षं मी बोलत होते, आणि हे लोक मला नुसते बघत होते."

पुढचे जपून लिहिते. काही दिवसांनी रोहिणीच्या मुलीला जुलाब सुरू झाले. ते मधामुळेच झाले असे मी म्हणत नाही. बाईही कधी म्हणाल्या नाहीत. तान्ह्या बाळाचे पोट अनेक कारणांनी बिघडते. बाईंकडे यायची घरच्यांना लाज वाटली, म्हणून ते दुसरीकडे गेले. अँटिबायोटिक सुरू झाले. थांबले, पुन्हा बिघडले, पुन्हा दुसरे सुरू झाले. मग घरातच ठरले की आईचे दूध बाधते आहे. ते तोडून डबा आणला. ज्या एका गोष्टीबद्दल बाईंनी व्यासपीठावरून त्या मुलीचे कौतुक केले होते, नेमकी तीच गेली.

रोहिणी एकटीच बाळ घेऊन बाईंकडे आली तेव्हा मी दवाखान्यात होते. बाईंनी तिला खुर्चीत बसवले, पाणी दिले. तिने ते धरून ठेवले, प्यायली नाही. "घरी सांगून न्हाय आले, बाई. गेलेलं दूध परत येतं का?"

"येतं. ही ओढत राहिली आणि तू दम धरलास तर."

"आन् त्ये? राखनदार?"

बाईंनी बाळाच्या लंगोटाची गाठ सैल करून हुंगले. मग म्हणाल्या, "आधी दूध आणू."

दवाखान्याच्या वरच्या खोलीत बाईंनी तिला ठेवून घेतले. दादांना फोन करून सांगितले, "सून माझ्याकडं आहे. न्यायला येऊ नका, भाकरी पाठवा." भाकरी आल्या, हे नोंदवायला हवे. बाळाला सारखे छातीशी धरायचे, वरचे दूध बाटलीने न देता चमच्याने द्यायचे, तेही हळूहळू कमी करत न्यायचे. रोज सकाळी बाई लंगोट हुंगत आणि रोहिणी त्यांच्या तोंडाकडे पाहत राही.

"आला वास?"

"अजून नाही."

असे बरेच दिवस गेले. दूध आले. पूर्वीइतके नाही, पण आले. वासही बदलला. मी काच करून पाहिली, बेचक्या दिसल्या, थोड्या. मी आनंदाने बाईंना सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "आलेत ते चांगलंच झालं. पण जी ओळख पहिल्या दिवसांत व्हायची ती झाली की नाही, हे कुठल्या भिंगातून बघणार?" मुलगी आता वर्षाची होईल. चांगली रांगते, हसते. तिच्या अंगावर वरचेवर चट्टे उठतात, बदलत्या हवेत छाती भरते. कशामुळे, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही आणि बाई ते सांगत नाहीत. त्या फक्त तपासतात. मुलीचे नाव घरच्यांनी मोठ्या अभिमानाने पद्मिनी ठेवले आहे.

हे सगळे लिहू का, असे मी बाईंना विचारले. मला स्वतःविषयीही शंका होती. हा कडवटपणा बाईंसाठी आहे की माझे शिक्षण त्या खोलीत आत्यांपुढे फिके पडले त्याचा आहे, हे मला नीट ठरवता आलेले नाही. बाई म्हणाल्या, "लिही. आत्यांना वाईट म्हणू नकोस. त्यांना त्या पोरीचं भलंच करायचं होतं. पण लिही. नाहीतर पुढच्या सत्काराला पुन्हा कुणीतरी वाटी घेऊन येईल." रोहिणीनेही हो म्हटले. तिची अट एकच होती, दूध परत आले हे लिहायचे.

ते लिहिले आहे.

बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त त्यांना शुभेच्छा द्यायच्या तर त्या माझ्या मते अशा असाव्यात. त्यांची साखर ताब्यात राहो, डोळे आणि नाक शाबूत राहोत, जिना चढताना गुडघे साथ देवोत. एक दिवस असा येईल की एखादी बाळंतीण आपल्या घरी, आपल्या हिमतीवर, पुढे आलेले बोट बाजूला सारेल आणि तिला कुणी विचारणार नाही की हे तुला कोणी शिकवले. बाईंचे नावही निघणार नाही. तो दिवस बाईंना धडधाकट अंगाने पाहायला मिळो. आपल्या ऐकण्याचा वेग पाहता, त्यासाठी फार मोठे आयुष्य लागणार आहे. तेवढे त्यांना लाभो.